दिवाळखोर ठरणे वेगळे, कर्जमुक्त होणे वेगळे

धंदा बुडाला की "दिवाळं जाहीर कर, सगळं माफ होतं" असा सल्ला लोक सहज देतात. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

मुंबई शहरात १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा नादारी कायदा चालतो. २०१६ चा नवीन कायदा १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना लागू झाला; साध्या दुकानदाराचे प्रकरण जुन्याच कायद्याने चालते.

यात दोन पायऱ्या आहेत. आधी कोर्ट माणसाला नादार ठरवते आणि त्याची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. नंतर कर्जमुक्तीसाठी, म्हणजे डिस्चार्जसाठी, वेगळा अर्ज करावा लागतो. कोर्टाने दिलेल्या मुदतीत तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होतो.

डिस्चार्ज देताना कोर्ट नियत बघते. १९२० च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे पुढील गोष्टी सिद्ध झाल्या तर पूर्ण कर्जमुक्ती मिळत नाही:

- मालमत्ता लपवली किंवा हलवली, अथवा दुसरी काही फसवणूक केली.
- मागील तीन वर्षांत धंद्याच्या हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत.
- फेडता येणार नाही हे दिसत असूनही उधारी घेतली.
- जुगार, सट्टा किंवा उधळपट्टीने पैसा घालवला.

काहीजण अर्जाआधी घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करतात, "हिबा केला" म्हणून सांगतात. हिबा करणे गैर नाही. पण हिबा केल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला, तर कोर्ट तो रद्द करू शकते. रास्त किंमत देऊन, चांगल्या नियतीने विकत घेणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. मालमत्ता लपवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

डिस्चार्ज मिळाला तरी फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि सरकारी देणे सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. म्हणून मामूला किंवा मेव्हण्याला जामीन ठेवताना हे आधी सांगा.

नुकसान कोणालाही होऊ शकते, आणि कायदा त्याला वाट देतो. अर्जात सगळी देणी, सगळी मालमत्ता खरी लिहा, वह्या जपून ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. कमी उत्पन्न असलेल्यांना आणि महिलांना तिथे मोफत मदत मिळते.