'बॅरेक' : एका शब्दाचे स्थलांतर आणि उल्हासनगर

शब्दांचा इतिहास हा पुष्कळदा माणसांच्या स्थलांतराचा इतिहास असतो. इंग्रजीतील 'बॅरेक' हा शब्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये इटालियन वा स्पॅनिशमधून. त्यापलीकडच्या मुळाविषयी व्युत्पत्तिकारांत एकमत नाही. प्रारंभी त्याचा अर्थ सैनिकाची तात्पुरती झोपडी असा होता. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात मात्र 'बर्राका' म्हणजे शेतकऱ्याचे शाकारलेले घर. याच उच्चाराच्या एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ इंग्लंडमध्ये हुर्यो उडविणे, तर ऑस्ट्रेलियात आपल्या संघाला प्रोत्साहन देणे असा होतो. त्याचा उगम बहुधा उत्तर आयर्लंडच्या बोलीतील असून तो शब्द स्वतंत्र मानला जातो. मराठीत 'बराक' लष्कराची तशीच तुरुंगाचीही.

दुसऱ्या महायुद्धकाळात कल्याणनजीक लष्करी छावणी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर तेथील बॅरेकींत सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला आणि १९४९ मध्ये वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. सैनिकाचा तात्पुरता निवारा येथे कुटुंबाचे कायमचे घर झाला. पुढे 'बॅरेक क्रमांक' हा पत्त्याचाच भाग बनला. मूळ वास्तू पाडून इमारत उभी राहिली, तरी क्रमांक मागे उरतो.

शब्दकोशांत 'बॅरेक'चा हा अर्थ आढळत नाही; तो पत्त्यांत आढळतो. म्हणूनच पुनर्विकासात हे क्रमांक पुसले गेल्यास निर्वासितांच्या पुनर्वसनाचा एक बोलका पुरावाच नाहीसा होईल.