सांझा चुल्हा

दिवस कलू लागला की चंदीगडच्या एखाद्या जुन्या सेक्टरातील बाजारात एक दृश्य अजूनही क्वचित दृष्टीस पडते. झाडाच्या आडोशाला मातीचा तंदूर धगधगत असतो आणि त्याच्यापुढे काही माणसे हातात परात किंवा डबा घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत उभी असतात. परातीत ओल्या फडक्याखाली मळलेली कणीक असते. कणीक घरची, तिच्यातले मीठ घरचे, आणि तिकडे घरी डाळ शिजत ठेवलेली. विस्तव तेवढा बाजारचा. तंदूरवाला कणकेचे गोळे करतो, हातावर थापतो, कापडी गादीवर घेऊन तंदुराच्या आतल्या भिंतीला चिकटवतो आणि थोड्याच वेळात फुगलेली रोटी लोखंडी सळईने बाहेर काढतो. त्याला पैसे द्यावयाचे ते केवळ भाजणावळीचे.

पंजाबात या व्यवस्थेला ‘सांझा चुल्हा’ म्हणतात. सांझा म्हणजे सामाईक. गोष्ट तशी लहान आहे. परंतु तिच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्या घरातील कर्ती माणसे दिवसभर कामासाठी बाहेर असतात, त्या घरात दोन वेळचे अन्न कोठे शिजावे, आणि कोणाच्या श्रमाने शिजावे? या प्रश्नाला निरनिराळ्या समाजांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००२ साली ‘ड्रीम डिनर्स’ नावाचा एक व्यवसाय दोन स्त्रियांनी सुरू केला. तेथे गृहिणीने दुकानात जावयाचे. निवडलेल्या, चिरलेल्या भाज्या आणि मोजून ठेवलेले मसाले समोर मांडलेलेच असतात. त्यांतून आठवड्याच्या जेवणांची सिद्धता आपल्या हातांनी करावयाची, ती पिशव्यांत भरून घरी न्यावयाची, आणि रोज संध्याकाळी एकेक शिजवावयाची. तशी अनेक दुकाने पुढे निघाली. अर्धा स्वयंपाक बाहेर आणि अर्धा घरी, ही कल्पना तेथे नवी वाटली. परंतु आपल्या देशात ती किती जुनी आहे, याचा थोडा मागोवा घेण्याचा विचार आहे.

चंदीगडजवळून, पंचकुल्याच्या बाजूने, घग्गर नदी वाहते. पुढे राजस्थानात हिचे पात्र कोरडे पडते, आणि त्या कोरड्या पात्राच्या काठी कालीबंगन हे प्राचीन स्थळ आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा घरांच्या अवशेषांत मातीच्या अशा भट्ट्या आढळल्या की आजच्या पंजाबी माणसाने त्या पाहताच तंदूर म्हणून ओळखाव्यात. ‘तंदूर’ हा शब्द मात्र आपल्याकडे फारसीतून आला. त्याची वडीलधारी रूपे पश्चिम आशियातील प्राचीन भाषांत आहेत. अक्कडी भाषेत त्याला ‘तिनूरु’ म्हणत. अकबराच्या मुदपाकखान्याचे वर्णन करताना अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त भट्टीत भाजलेली जाड रोटी आणि लोखंडी तव्यावरची पातळ चपाती, असे दोन्ही प्रकार नोंदले आहेत. तवा आणि तंदूर यांची ही जोडी आजही उत्तर हिंदुस्थानात सुखाने नांदते आहे.

या दोहोंच्या स्वभावात मात्र मोठा भेद आहे. तवा हा एका कुटुंबाचा सोबती. तो लवकर तापतो आणि चार पोळ्यांपुरताही पेटवता येतो. तंदूर तापावयास बराच वेळ लागतो, सरपणही पुष्कळ लागते. परंतु एकदा तापला की त्याच्या भिंती दीर्घकाळ उष्णता धरून ठेवतात आणि शेकडो रोट्या भाजून निघतात. चार रोट्यांसाठी तंदूर पेटवणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. म्हणजे शेजाऱ्यांनी एकत्र येण्याची निकड या भट्टीच्या घडणीतच आहे. बायबलच्या जुन्या करारात दहा स्त्रियांनी एकाच भट्टीत भाकरी भाजणे हे दुष्काळाचे लक्षण मानले आहे. पंजाबने त्याच गोष्टीला शेजारधर्माचे लक्षण मानले. गुरू नानकांच्या शिकवणुकीशी सांझ्या चुल्ह्याचा संबंध परंपरा जोडते. लंगर आणि सांझा चुल्हा या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. लंगरात शिजलेले अन्न सर्वांना पंक्तीत बसवून दिले जाते. सांझ्या चुल्ह्यावर प्रत्येकीची कणीक तिची स्वतःचीच असते. सामाईक असतो तो विस्तव, आणि पाळीची वाट पाहतानाचा सहवास. दिवसभर घरात आणि शेतात राबणाऱ्या स्त्रियांना चार शब्द बोलावयास एवढीच काय ती जागा होती.

हे चित्र जितके मनोहर आहे तितकेच ते अपुरेही आहे. १८८१च्या खानेसुमारीच्या निमित्ताने डेन्झिल इबेट्सन यांनी पंजाबातील जातींची जी माहिती लिहून ठेवली, तीत पाणी भरणाऱ्या झीवर लोकांचा उल्लेख आहे. गावची सार्वजनिक भट्टी हेच लोक चालवीत आणि उन्हाळ्यात शेतकऱ्यांपैकी पुष्कळजण आपली भाकर तेथूनच भाजून घेत, असे त्यांनी नमूद केले आहे. म्हणजे चूल सामाईक असली, तरी चुलीपुढची होरपळ सामाईक नव्हती. ज्येष्ठातील उन्हात भट्टीच्या तोंडाशी वाकून उभे राहण्याचे काम गावाने एका विशिष्ट जातीकडे लावून दिले होते. शेजारधर्म होता, तसा त्याचा भार वाहणाराही कोणी एक होता, हे इतिहासाने विसरू नये.

१९४७च्या फाळणीत पंजाब दुभंगला. लाहोर पलीकडे राहिले. लाखो कुटुंबे घरदार सोडून अलीकडे आली, आणि इकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. शिवालिकच्या पायथ्याशी जुनी गावे उठवून चंदीगड वसवण्यात आले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते या राजधानीचे उद्घाटन झाले. आपल्या महाराष्ट्राचाही या शहराशी एक दुवा आहे: पुण्याचे काकासाहेब गाडगीळ १९५८ ते १९६२ या काळात पंजाबचे राज्यपाल म्हणून येथे होते.

ल कॉर्बुझिए यांनी या शहराचा आराखडा केला. ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असा एकेक सेक्टर. त्यात शाळा, दवाखाना, मोकळे मैदान. आणि मधून जाणारा बाजाररस्ता. दैनंदिन गरजेची वस्तू माणसाला पायी जाऊन आणता यावी, हा त्यातील हेतू. याच कॉर्बुझिए यांनी फ्रान्समध्ये मार्सेय येथे उभारलेली प्रचंड निवासी इमारत १९५२ साली पुरी झाली होती, आणि तिच्या मध्याच्या मजल्यांवर त्यांनी चक्क दुकानांची गल्लीच ठेवली होती. घरकामाचा काही भार सामाईक व्यवस्थेने उचलावा, हा विचार त्यांना प्रिय होता. चंदीगडमध्ये मात्र सरकारी नोकरांची घरे पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या तिघांनी आखली. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत तेरा श्रेणींची ही घरे होती. जेन ड्र्यू यांनी इंग्लंडात स्वयंपाकघराच्या रचनेवर १९४५ साली पुस्तक लिहिले होते; बाईचे श्रम ओट्यापाशी कसे वाचतील, याचा त्यांचा अभ्यास होता. शिपायाच्या लहानशा घरालाही स्वतंत्र स्वयंपाकघर, नळाचे पाणी आणि अंगण मिळाले. ज्यांनी नुकतीच छावणीतील तात्पुरती चूल मांडली होती, त्यांना स्वतःचे स्वयंपाकघर मिळणे ही केवढी प्रतिष्ठेची गोष्ट वाटली असेल!

असे असूनही तंदूर त्या बाजाररस्त्यावर आलाच. प्रत्येक घरी चूल असताना माणसे कणकेच्या पराती घेऊन बाहेर का पडली? एक तर चंदीगडचा उन्हाळा. मे-जूनमध्ये बंद खोलीत दहा-पंधरा रोट्या भाजणे म्हणजे तप करणेच. दुसरे म्हणजे सवय आणि चव. आणि तिसरे कारण असे की हे शहर नोकरदारांचे होते. कचेरीतून आल्यावर डाळ-भाजी घरी करावी आणि रोट्यांचे काम बाहेर सोपवावे, ही सोय त्या संसारांना मानवली.

येथे एका उलट प्रयोगाची आठवण होते. क्रांतीनंतरच्या रशियात स्त्रीला चुलीपासून सोडवावयाचे म्हणून सर्वच स्वयंपाक घराबाहेर नेण्याचा संकल्प झाला. १९२५ साली इव्हानोव्हो-व्होझ्नेसेन्स्क या कापडगिरण्यांच्या शहरात पहिला ‘स्वयंपाकाचा कारखाना’ उघडण्यात आला, आणि मग इतर शहरांतही असे कारखाने निघाले. परंतु १९५०च्या दशकाच्या अखेरीस तेथे जेव्हा लाखो नवी घरे बांधली गेली, तेव्हा प्रत्येक घरात लहान का होईना, पण स्वतंत्र स्वयंपाकघर होते. चूल समूळ हलवण्याचा बेत माणसांना पटला नाही. चुलीची वाटणी मात्र त्यांनी ठिकठिकाणी आपण होऊन केलेली दिसते.

महाराष्ट्रात तरी निराळे काय झाले? आपल्याकडे तंदूर नव्हता, आणि सोवळ्याच्या कल्पनेने चूल तर फारच जपली होती. परंतु आपण विस्तवाऐवजी जाते बाहेर पाठवले. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण घराबाहेर गेले. धान्य घरचे, निवडणे घरचे, दळणावळ तेवढी गिरणीवाल्याला. हाही सांझा चुल्हाच, फक्त त्याला आपण ते नाव दिले नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग सुरू केला. तोच पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर पसरला. त्यात केंद्रावर पीठ मळून भगिनींना वाटावयाचे, आणि त्यांनी घरी नेऊन पापड लाटून आणावयाचे अशी रीत पडली. पंजाबात कणीक घरची आणि विस्तव सामाईक. येथे पीठ सामाईक आणि पोळपाट-लाटणे घरचे. वाटणी उलटी, पण तत्त्व एकच.

गिरणगावातील खानावळींत मात्र वाटणी उरलीच नव्हती. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईकडे जेवत. ती बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत अनेकांचा स्वयंपाक एकटीने रेटी. तिच्या श्रमावर कापडगिरण्या चालल्या, पण तिचे नाव कोठल्याही हजेरीपटावर नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याची खटपट केली, तेव्हा कोठे त्या ‘कामकरी’ म्हणून गणल्या जाऊ लागल्या. झीवर स्त्री, खानावळवाली आणि आजचा तंदूरवाला, जो बहुधा दूरच्या प्रांतातून पोटासाठी आलेला असतो, या तिघांची कहाणी एकाच धाग्याने बांधलेली आहे.

आता घरोघरी गॅसची शेगडी आली आहे. कणकेची परात घेऊन तंदूराशी उभी राहणारी माणसे विरळ होत चालली. तयार रोट्याच विकत आणणारी वाढली. सोय वाढली, यात संशय नाही. परंतु राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशातील लोकांच्या वेळेचा हिशेब मांडला, त्यातील आकडे सांगण्याजोगे आहेत. घरातील माणसांसाठी बिनमोबदला घरकाम शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी करीत होत्या, आणि शंभर पुरुषांपैकी सुमारे २६ जण. जे हे काम करीत, त्यांतील स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचा ९७ मिनिटे. जाते गेले, सरपण गेले, धूर गेला. तरी पाच तास उरलेच.

यावरून मला असे वाटते की, घाईच्या संसाराला अन्न पुरवण्याचा प्रश्न केवळ यंत्रांनी किंवा दुकानांनी सुटणारा नाही. स्वयंपाकाचा कोणता भाग घरी ठेवावा आणि कोणता बाहेर सोपवावा, हे आपले पूर्वज आपल्या सोयीने ठरवीत आले, आपणही ठरवू. परंतु घरातल्या अर्ध्या भागापाशी कोण उभे आहे, आणि बाहेरच्या अर्ध्या भागाची होरपळ कोणाच्या वाट्याला आली आहे, हे विचारल्यावाचून चूल खऱ्या अर्थाने सामाईक होत नाही. सांझा चुल्हा या शब्दांतील ‘सांझा’ हा शब्द विस्तवाला लागू करणे सोपे होते. तो श्रमालाही लागू करावयाचे काम अजून आपल्याकडे शिल्लक आहे.