सोनौलीचा दरवाजा : लुंबिनीच्या वाटेवरची सरहद्द



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मस्थळांविषयी लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. परंतु लुंबिनीला जाताना वाटेत एक गाव लागतं, त्याच्याविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही. ते गाव म्हणजे सोनौली. उत्तर प्रदेशच्या महाराजगंज जिल्ह्यातलं हे भारताच्या हद्दीतलं शेवटचं गाव. त्याच्या पुढच्या कमानीखालून गेलं की नेपाळ सुरू होतो.

महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी श्रद्धावंतांनी पाहावीत अशी चार स्थळं सांगितली: जन्माचं, बोधीचं, पहिल्या उपदेशाचं आणि महापरिनिर्वाणाचं. त्यांपैकी तीन आज भारतात आहेत आणि जन्माचं ठिकाण तेवढं सरहद्दीपलीकडे आहे. म्हणून रिठदचा असो की नागपूरचा, बौद्ध माणूस लुंबिनीला निघाला की त्याला ही सरहद्द ओलांडावीच लागते. बहुतेकांच्या आयुष्यातलं परदेशात पडलेलं ते पहिलं पाऊल असतं. ते पाऊल टाकताना आपण नेमकं काय ओलांडतो, हे समजून घ्यावं, एवढाच या लेखाचा हेतू.

वाट कशी आहे?

रिठदहून वाशिम, वाशिमहून अकोला, पुढे भुसावळ आणि तिथून गोरखपूरची गाडी, ही आपल्या भागातल्या मंडळींची नेहमीची वाट. गोरखपूरहून उत्तरेकडे सुमारे ऐंशी किलोमीटरवर नौतनवा हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे. तिथून सात-आठ किलोमीटरवर सोनौली. सरहद्दीच्या पलीकडच्या नाक्याला बेलहिया म्हणतात. मग चार-पाच किलोमीटरवर भैरहवा, ज्याचं आजचं नाव सिद्धार्थनगर. आणि भैरहव्याहून पश्चिमेला साधारण बावीस किलोमीटरवर लुंबिनी.

सोनौली हे काही देखणं गाव नाही. मालट्रकांच्या लांब रांगा, सायकलरिक्षा, पैसे बदलून देणारी दुकानं, धर्मशाळा, चहाच्या टपऱ्या आणि डोक्यावर बोचकी घेऊन इकडून तिकडे जाणारी दोन्ही देशांची गरीब माणसं. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. कोणाची सोयरीक पलीकडे, तर कोणाचं दुकान अलीकडे, असा तिथला व्यवहार. आपली बस मात्र घाईत असते. "उतरू नका, वेळ नाही," असं म्हणत गाडीवाला परवान्याचे कागद करून येतो, नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं म्हणून कोणीतरी गंमत करतं, आणि दरवाजा मागे पडतो.

ही रेघ कोणी ओढली?

बुद्धकाळात ही रेघ नव्हती. कपिलवस्तूचे शाक्य, शेजारी कोलीय, पलीकडे मल्ल, असा हा गणसंघांचा सलग मुलूख होता. लुंबिनीचं वनही शाक्य आणि कोलीयांच्या मध्ये पडत होतं. महामाया माहेरी, देवदहाला निघाली असता वाटेत तिथे सिद्धार्थाचा जन्म झाला.

आजच्या सरहद्दीची कथा फार अलीकडची आहे. गुरख्यांचं राज्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात बुटवल व स्युराज या तराईतल्या मुलखावरून वाद पेटला आणि १८१४ साली युद्ध झालं. शेवटी सुगौलीचा तह झाला व मार्च १८१६ मध्ये तो पक्का झाला. पुढच्या वाटाघाटींत तराईचा बराच भाग नेपाळला परत मिळाला. म्हणजे तथागतांच्या जन्मभूमीच्या परिसरातून जाणारी ही हद्द सारा वसूल करण्याच्या भांडणातून ठरली. ठरवणाऱ्यांना तिथे लुंबिनी आहे याचा पत्ताही नव्हता!

पत्ता लागला तो १८९६ च्या डिसेंबरात. पाल्प्याचे अधिकारी खड्ग शमशेर राणा आणि पुरातत्त्व खात्याचे फ्यूरर यांच्यासमोर अशोकाच्या स्तंभावरचा लेख उघडा झाला. त्या जागेला आसपासचे लोक रुम्मिनदेई म्हणत आणि मायादेवीची जुनी मूर्ती गावची देवी म्हणून पूजत. लुंबिनीचं नाव अपभ्रंश होऊन का होईना, पण लोकांच्या तोंडात दोन हजार वर्षं टिकून होतं. अभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर सम्राट अशोक स्वतः इथे आला, शाक्यमुनींचा जन्म इथे झाला म्हणून त्याने शिलास्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नातला फक्त आठवा हिस्सा ठेवला, असं तो लेख सांगतो. बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबा. एका राजाने जन्मस्थळाचा मान कसा केला? शेतकऱ्यावरचा बोजा उतरवून!

नदीचं भांडण आणि सिद्धार्थाचा नकार

गोरखपूर ते सोनौली या वाटेच्या परिसरातून रोहिणी नदी वाहते. तिकडे तिला रोहिन असंही म्हणतात. नेपाळच्या तराईतून उतरून ती महाराजगंज जिल्ह्यातून येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे नाव ओळखीचं आहे.

म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पहिल्यांदाच पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही परंपरेची कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर मरण पाहिलंच नसेल का? त्यांनी पुढे ठेवलेली हकीकत रोहिणीच्या पाण्याची आहे. नदी ही शाक्य आणि कोलीय यांच्यातली हद्द. पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून दोन्हीकडचे सेवक भांडले, मारामारी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पंचांनी तंटा सोडवावा, असं त्याने सुचवलं. ठराव बहुमताने पडला. तरीही तो सैन्यात भरती व्हायला तयार झाला नाही. घरच्यांची जमीन जप्त होऊ नये, त्यांच्यावर बहिष्कार पडू नये, म्हणून त्याने परिव्राजक होऊन देश सोडण्याची शिक्षा स्वतःहून घेतली.

ज्या महापुरुषाच्या जन्मस्थळी आपण सरहद्द ओलांडून जातो, त्याने घर सोडलं तेच मुळी सरहद्दीच्या भांडणात शस्त्र उचलायला नकार देऊन! आपल्या गावखेड्यांतले धुऱ्याचे आणि विहिरीच्या पाण्याचे वाद डोळ्यासमोर आणा, म्हणजे ही गोष्ट किती जवळची आहे ते कळेल. पाण्यावरून माणसाला दूर ठेवलं जाण्याचं दुःख तर आपल्या वाडवडिलांनी महाडच्या आधी आणि नंतरही भोगलं.

एक गुरू, दोन देश

आता जवळचा इतिहास पाहू. नेपाळात राणांचं राज्य असताना धम्माचा प्रचार करणं हा गुन्हाच होता. १९४४ साली प्रचार थांबवत नाहीत म्हणून आठ भिक्खूंना राणा सरकारने देशाबाहेर काढलं. ते भारतात आले. त्याच वर्षी सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते कुशीनगरचे भदन्त चंद्रमणी महास्थविर आणि सचिव होते नेपाळचे भिक्खू अमृतानंद. मूळचे अराकानचे असलेल्या चंद्रमणींकडे नेपाळातले कितीतरी स्त्री-पुरुष लपतछपत सरहद्द ओलांडून कुशीनगरला येत आणि शील, प्रव्रज्या घेत. १९४६ साली बंदी उठली आणि भिक्खूंना मायदेशी परतता आलं.

हे चंद्रमणी कोण? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे तेच भदन्त चंद्रमणी! नेपाळच्या हद्दपार भिक्खूंना ज्यांनी आधार दिला, त्यांच्याच मुखातून आपली दीक्षा आली. आपल्या घराघरांत त्यांचा फोटो असतो, पण हे नातं फार थोड्यांना ठाऊक आहे.

दीक्षेनंतर महिनाभरातच, प्रकृती साथ देत नसतानाही, बाबासाहेब काठमांडूला गेले. जागतिक बौद्ध परिषदेचं चौथं अधिवेशन १५ नोव्हेंबर १९५६ रोजी तिथे सुरू झालं. राजे महेंद्र यांच्या हस्ते उद्घाटन झालं. बारा वर्षांपूर्वी जिथून भिक्खूंना हाकललं होतं, त्याच शहरात जगभरचे बौद्ध जमले होते. २० नोव्हेंबरला बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. दुःख आणि शोषण संपवायचं तर रक्तपाताची वाट धरायची की मन बदलण्याची, हा त्याचा गाभा. परतीच्या प्रवासात वाराणसी, कुशीनगर करून ते ३० नोव्हेंबरला दिल्लीला पोहोचले आणि ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. नेपाळची यात्रा ही त्यांची शेवटची परदेशवारी ठरली.

बुद्ध कोणाचा?

सोनौली ओलांडली की गाड्यांवर, दुकानांवर "बुद्धांचा जन्म नेपाळात झाला" असं लिहिलेलं दिसतं. आपली काही तरुण पोरं तिथे हुज्जत घालतात. जन्म लुंबिनीत झाला याविषयी वाद नाही. १९९७ पासून ते जागतिक वारसा स्थळही आहे. वाद आहे तो कपिलवस्तूचा. नेपाळ तिलौराकोट दाखवतो, तर भारतीय पुरातत्त्वज्ञ सरहद्दीला लागून असलेलं पिपरहवा दाखवतात. पिपरहव्याला १८९८ साली पेपे यांना अस्थिकलश सापडला आणि १९७० च्या दशकातल्या उत्खननात कपिलवस्तूचं नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या. पेपे कुटुंबाकडची रत्नं २०२५ साली लिलावात निघणार होती. बौद्धांनी जगभर आवाज उठवला आणि ती भारतात परत आली. ही एकजूट झाली तेव्हा कोण कुठल्या देशाचा हे कोणी विचारलं नाही, हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक. पलीकडेही जात आहे. कामी, दमाई, सार्की या समाजांनी तिथे आपल्यासारखाच विटाळ सोसला. १९६३ च्या मुलुकी ऐनने तो कायद्याने संपवला, परंतु मनातून तो गेलेला नाही. लुंबिनीत दर्शन घेऊन, माळा विकत घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूने त्या माणसांशीही दोन शब्द बोलावेत.

जाणाऱ्यांसाठी

ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवावं. मोठ्या माणसांनी फक्त आधार कार्डावर विसंबू नये. भारतीय नोटांबाबतचे नेपाळचे नियम बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करावी. गाडी स्वतःची असेल तर बेलहियाच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे जकात नाक्यावर, परवाना काढावा लागतो. दरवाजा नेहमी उघडाच असतो असंही समजू नका. १९८९ साली दोन सरकारांचं बिनसलं तेव्हा बहुतेक नाकी मालवाहतुकीला बंद झाली होती, आणि २०२० च्या साथीत माणसांनाही कित्येक महिने थांबावं लागलं.

आपल्या आज्या-आज्यांनी लुंबिनी फक्त वंदनेत ऐकली होती. त्यांना गावाच्या पाणवठ्याची हद्दसुद्धा ओलांडता येत नव्हती. त्यांची नातवंडं आज देशाची सरहद्द ताठ मानेने ओलांडतात, ही बाबासाहेबांची पुण्याई. म्हणून पुढच्या यात्रेत सोनौलीला बस थांबेल तेव्हा यात्राप्रमुखांनी दहा मिनिटं मागून घ्यावीत, सगळ्यांना खाली उतरवावं आणि लहान लेकरांना रोहिणीची आणि भदन्त चंद्रमणींची गोष्ट सांगावी. मग कमानीखालून पायी जावं.

भवतु सब्ब मंगलं!