थरथरणारा दांडा आणि त्याची सक्तीची तपासणी

प्रवासी विमानाला स्टॉलपासून वाचवणारी यंत्रणा मुख्यतः तीन भागांची असते. विमानाच्या नाकाजवळ बाहेरच्या बाजूला एक छोटी पाती बसवलेली असते. ती वाऱ्याच्या झोतात फिरून त्याची दिशा दाखवते. आतला संगणक त्या दिशेवरून धोका ओळखतो. मग वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरू लागतो आणि काही विमानांत तो आपोआप पुढे ढकलला जातो. या यंत्रणेची ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पद्धतीने तपासणी झाल्याशिवाय विमानाला प्रवासी घेऊन उडण्याची मुभा नाही. चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळावरून त्रिची, सेलम किंवा जाफन्याकडे जाणाऱ्या लहान एटीआर 72 ला हा नियम लागू आहे आणि तिथून मुंबईला येणाऱ्या बोइंग 737 लाही. तो एका बैठकीत लिहिला गेलेला नाही. अपघातामागून अपघात होत गेले आणि त्यांच्या चौकशीतून एकेक कलम जुळत हा नियम घडला.

‘स्टॉल’ या शब्दापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण त्याबद्दल गैरसमज फार. इंग्रजीत स्टॉल म्हणजे मुळात तबेल्यातले घोड्याचे ठाण. चहाचा स्टॉल आणि पुस्तकांचा स्टॉल हे त्याच शब्दाचे नातलग. चिखलात रुतून जागीच थांबलेल्या गाडीला हा शब्द लागला, पुढे बंद पडलेल्या इंजिनाला लागला आणि शेवटी विमानाच्या पंखाला. त्यामुळे ‘विमान स्टॉल झाले’ असे वाचले की इंजिन बंद पडले असावे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात इंजिने पूर्ण जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. समोरून येणारा वारा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहतो, तोवर पंखाला उचल मिळते. विमानाचे नाक वर उचलत नेले की वारा आणि पंख यांच्यातला कोन वाढतो. हा कोन साधारण 15 अंशांच्या आसपास पोहोचला की वाऱ्याचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल एकदम घटते. यावर उपाय एकच: नाक खाली करून कोन कमी करणे. जमीन जवळ येत असताना नाक खाली करणे मात्र माणसाच्या स्वाभाविक प्रतिक्रियेच्या उलट जाते. स्टॉलपासून वाचवणाऱ्या यंत्रांची गरज इथूनच निर्माण झाली.

उड्डाणाच्या आरंभापासून स्टॉल माणसाच्या मागे आहे. जर्मन संशोधक ओटो लिलिएंथाल याचे ग्लायडर 9 ऑगस्ट 1896 रोजी हवेत स्टॉल होऊन कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. पुढची जवळपास पन्नास वर्षे वैमानिकाकडे इशारा देणारे यंत्र नव्हते. ऑक्टोबर 1932 मध्ये टाटांची टपालसेवा सुरू झाली. जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूपर्यंत टपाल आणले आणि तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचवले. हे टपाल नेणाऱ्या पुस मॉथ विमानात स्टॉलची चाहूल घ्यायची ती अंगाने: दांडा हाताला सैल लागतो, वाऱ्याचा आवाज बदलतो, विमान हलके हादरते. लहान विमानात ही चाहूल सहसा वेळेवर लागते. मोठ्या आणि वेगवान विमानांत ती क्षीण होत गेली, कधी कधी फार उशिरा लागू लागली.

1940 च्या दशकात अमेरिकी संशोधक लिओनार्ड ग्रीन याने पंखाच्या पुढच्या कडेवर बसणारी छोटी पाती तयार केली. वाऱ्याचा कोन धोक्याजवळ पोहोचला की पाती उचलली जाई आणि भोंगा वाजे. मोठ्या विमानांच्या कॉकपिटमध्ये भोंगा पुरेसा नव्हता, कारण तिथे आधीच अनेक आवाज असत. म्हणून कंट्रोल कॉलमला म्हणजे वैमानिकाच्या दांड्याला एक मोटर जोडण्यात आली. मोटरच्या आसावर एका बाजूला जड असलेले वजन फिरते आणि दांडा खडखड हलतो. स्टॉल होण्याआधी विमान जसे हादरते, तीच जाणीव हे यंत्र हाताला कृत्रिमरीत्या देते. या यंत्राला स्टिक शेकर म्हणतात.

दुसरी पायरी आली ती टी आकाराच्या शेपटीमुळे. आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या टोकावर बसवली की खोल स्टॉलमध्ये ती पंखांमागच्या विस्कळीत हवेत झाकली जाते, आणि मग नाक खाली करण्याची ताकदच उरत नाही. 22 ऑक्टोबर 1963 रोजी ब्रिटनमध्ये बीएसी वन-इलेव्हन या नव्या जेट विमानाची चाचणी चालू असताना हेच घडले आणि विमानातील सातही जणांचा मृत्यू झाला. अशा विमानांत केवळ इशारा देऊन भागत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून दांडा स्वतः पुढे ढकलणारा स्टिक पुशर पुढे आला. चेन्नईच्या प्रवाशांच्या परिचयाची एटीआर 72 आणि क्यू 400 ही पंख्याची विमानेही टी शेपटीचीच आहेत, आणि दोन्हींत शेकरबरोबर पुशर असतो.

यंत्रणा असूनही अपघात होऊ शकतो, हे 18 जून 1972 रोजी लंडनजवळ स्टेन्स इथे दिसले. ट्रायडंट विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडा वेळेआधी आत घेतल्या गेल्या आणि विमान स्टॉलकडे गेले. पुशरने दांडा पुढे ढकलला, पण कॉकपिटमधून ती यंत्रणाच बंद करण्यात आली. 118 जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आणखी एक गोष्ट सापडली. पुशरच्या हवेच्या नळीवरचा एक व्हॉल्व्ह आपल्या जागेवरून थोडा फिरलेला होता आणि तो जागी धरून ठेवणारी बारीक तार नव्हती. अपघाताचे मुख्य कारण ते नव्हते. तरी वैमानिकाचा यंत्रणेवरचा विश्वास अशा छोट्या दोषानेही डळमळू शकतो, हा धडा देखभालीच्या शास्त्राने तिथून घेतला.

25 मे 1979 रोजी शिकागोत उड्डाण घेताना एका डीसी-10 चे डावे इंजिन पंखापासून तुटून पडले. शेकर फक्त कॅप्टनच्या दांड्याला होता आणि त्याची वीज तुटलेल्या इंजिनाच्या जनरेटरवरून येत होती. इशारा वाजलाच नाही. जमिनीवरच्या दोघांसह 273 जण गेले. त्यानंतर या विमानांत दोन्ही वैमानिकांच्या दांड्यांना शेकर बसवणे सक्तीचे झाले.

ही सक्ती जगभर पोहोचते कशी, याचीही रीत ठरलेली आहे. 1944 च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. 1949 मध्ये तिने स्वीकारलेल्या परिशिष्ट 8 मध्ये विमानाच्या उडण्यायोग्यतेचे नियम आहेत. विमान ज्या देशात रचले गेले, त्या देशाने दोष आढळल्यास सक्तीची सूचना काढायची आणि ज्या देशांत ती विमाने नोंदलेली आहेत त्यांना ती कळवायची, असा हा क्रम आहे. या सूचनेला एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह म्हणतात. हँगरमध्ये तिचे नाव नुसते ‘एडी’. बोइंगसाठी एडी अमेरिकेतून निघते, एअरबस आणि एटीआरसाठी युरोपीय संस्थेकडून, क्यू 400 साठी कॅनडातून. भारतात हा भाग नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, पाहते. तिच्या नियमावलीच्या दुसऱ्या विभागातील ‘एम’ मालिका सक्तीचे बदल आणि सक्तीच्या तपासण्या यांसाठी आहे. डीजीसीएचे एक प्रादेशिक कार्यालय चेन्नईतही आहे. एडीत दिलेली मुदत उलटली आणि काम झाले नाही, तर विमान जमिनीवरच राहते.

भारताचा स्वतःचा कडू अनुभव 17 जुलै 2000 चा आहे. अलायन्स एअरचे बोइंग 737-200 पाटण्याला उतरताना स्टॉल होऊन वस्तीवर कोसळले आणि जमिनीवरच्या पाच जणांसह 60 जणांचा मृत्यू झाला. दांडा थरथरला होता. मात्र वैमानिकांनी स्टॉलमधून बाहेर पडण्याची कृती न करता पुन्हा वर जाण्याची कृती केली. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ क्यू 400 च्या वैमानिकाने थरथरणारा दांडा मागे ओढला आणि 50 जण गेले. यानंतर जगभरच्या प्रशिक्षणात ‘आधी कोन कमी करा’ हा क्रम पक्का झाला. तपासणीने यंत्र सज्ज राहते, प्रशिक्षणाने माणूस. दोन्ही एकाच संरक्षणाचे भाग आहेत.

तपासणीतले बारकावे मात्र आणखी दोन घटनांनी शिकवले. 27 नोव्हेंबर 2008 रोजी फ्रान्समधल्या पर्पिन्याँजवळ एक एअरबस ए320 समुद्रात कोसळले आणि सातही जण मरण पावले. रंगकामानंतर विमान पाण्याने धुताना पात्यांच्या संवेदकांना ठरल्याप्रमाणे झाकले नव्हते. पाणी आत शिरले, उंचीवर गोठले आणि तीनपैकी दोन पात्या एकाच कोनावर अडकल्या. संगणकाने या दोन चुकीच्या पात्यांचे ऐकले आणि तिसरी बरोबर असूनही तिला बाजूला सारले.

29 ऑक्टोबर 2018 रोजी इंडोनेशियात लायन एअरचे बोइंग 737 मॅक्स पडले आणि 189 जण गेले. आदल्याच दिवशी त्या विमानाची डावी पाती बदलली होती. दुरुस्त करून आणलेली ती पाती सुमारे 21 अंशांनी चुकीचा कोन दाखवत होती. विमानातली एमकॅस ही प्रणाली त्या एकाच पातीवर विसंबून नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलत राहिली. 10 मार्च 2019 रोजी इथिओपियात तशाच प्रकारे 157 जण गेले. भारताने त्याच आठवड्यात मॅक्स विमानांच्या उड्डाणांवर बंदी घातली. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेने काढलेल्या एडीत नव्या सॉफ्टवेअरबरोबर प्रत्येक विमानाच्या पात्यांची चाचणी आणि प्रवाशांविना एक उड्डाण सक्तीचे झाले. भारताने 26 ऑगस्ट 2021 रोजी बंदी उठवली.

प्रत्यक्ष तपासणी साधी दिसते. अभियंता पातीवर ओरखडा, वाक किंवा घाण आहे का ते पाहतो. ती हाताने फिरवून कुठे अडते का ते जाणून घेतो. तिच्यातला हीटर चालू आहे याची खात्री करतो, कारण उंचीवर बर्फापासून तोच तिला वाचवतो. मग अंशांच्या खुणा असलेले साधन पातीवर बसवून ती ठरावीक कोनांवर धरली जाते आणि संगणकात दिसणारा आकडा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. शेवटी शेकर आणि पुशर चालवून पाहतात. एडीचा क्रमांक, तारीख, विमानाचे उड्डाणतास आणि परवानाधारक अभियंत्याची सही नोंदवहीत जाते. सही होईपर्यंत काम पूर्ण झाले असे धरत नाहीत.

चेन्नईत या कामाला हवामानामुळे जास्त महत्त्व आहे. समुद्र जवळ असल्याने हवा खारट आणि दमट असते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस बरसतो. डिसेंबर 2015 मध्ये अड्यार नदीचे पाणी धावपट्टीवर आले आणि विमानतळ अनेक दिवस बंद राहिला. उभ्या विमानाच्या बारीक छिद्रांत किडे घरटी करतात आणि ओल साचते. 2020 च्या टाळेबंदीत भारतातली देशांतर्गत उड्डाणे 25 मार्च ते 24 मे बंद होती. जगभर अशी दीर्घकाळ उभी राहिलेली विमाने पुन्हा उडू लागली, तेव्हा वेगाचे चुकीचे आकडे दिसण्याच्या घटना वाढल्या, आणि युरोपीय संस्थेने ऑगस्ट 2020 मध्ये त्याबद्दल सूचना काढली. म्हणून झाकणे घालणे, ती उड्डाणापूर्वी काढणे आणि त्यांची मोजणी करणे हेही तपासणीत येते.

या नियमाच्या अनेक ओळी कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिल्या गेल्या आहेत, म्हणून त्या पाळण्यात हलगर्जी करून चालत नाही. लायन एअरच्या विमानावर पाती बसवताना करायच्या चाचणीचा आकडा नोंदवहीत आढळला नाही. ती चाचणी ठरल्याप्रमाणे झाली असती, तर 21 अंशांची चूक विमान जमिनीवर उभे असतानाच दिसली असती.