जळालेल्याचे वजन

लाकूड जळून राख उरते आणि ती लाकडाहून कितीतरी हलकी असते. यावरून जळताना पदार्थातून काहीतरी निघून जाते, असे शाळेतील विद्यार्थी सहज समजतो. लोखंडाचा बारीक कीस जाळला तर वजन वाढेल की घटेल, असे त्याला विचारावे; बहुधा तो ‘घटेल’ असेच म्हणेल. गुरुजींनी मात्र त्याला लगेच मंदबुद्धी ठरवू नये. अठराव्या शतकातील युरोपचे बहुतेक नामांकित रसायनज्ञ याच मताचे होते!

जे निघून जाते त्या तत्त्वाला जर्मनीतील श्टाल याने ‘फ्लॉजिस्टन’ हे नाव रूढ केले. कोळसा जवळजवळ सगळाच जळून जातो, म्हणजे त्यात फ्लॉजिस्टन भरपूर. धातूचे भस्म कोळशाबरोबर तापवले की धातू परत मिळतो, कारण ते तत्त्व भस्मात शिरते. उपपत्ती मोठी सुबक होती, श्रोतेहो. अडचण एवढीच की, भस्म मूळ धातूहून जड भरते आणि हे फ्रान्समधील झां रे याने १६३० सालीच छापून ठेवले होते. तेव्हा फ्लॉजिस्टनचे वजन उणे असते, अशीही मखलाशी काहींनी केली.

लाव्हाझिएने तराजू सोडला नाही. गंधक व फॉस्फरस जळताना जड होतात, ही नोंद त्याने नोव्हेंबर १७७२ मध्ये मोहोरबंद करून पॅरिसच्या अकादमीत ठेवली. ऑगस्ट १७७४ मध्ये इंग्लंडात प्रीस्टलीने पाऱ्याचे तांबडे भस्म भिंगाने तापवून, ज्यात मेणबत्ती लख्ख जळते असा वायू मिळवला आणि ऑक्टोबरात पॅरिसला लाव्हाझिएच्या पंक्तीला बसून ती हकीकत सांगितली. वायू एकाच्या हाती आला, अर्थ दुसऱ्याला लागला. प्रीस्टली १८०० सालीही फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ पुस्तक लिहीत होता.

तथापि विजेत्याचीही एक चूक नावात राहून गेली. हा वायू सर्व अम्लांत असतो अशा समजुतीने लाव्हाझिएने त्याला ‘ऑक्सिजन’, म्हणजे अम्लजनक, म्हटले. हायड्रोक्लोरिक अम्लात तो मुळीच नाही, हे डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवले. नाव मात्र टिकले. मराठीने ‘प्राणवायू’ म्हणून ही चूक टाळली खरी; पण त्यामुळे आपण केवळ प्राणवायूच आत घेतो आणि तो सगळा संपवून उच्छ्वास सोडतो, अशी निराळीच समजूत अनेक मुलांची होते. वास्तविक हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि उच्छ्वासातही सुमारे १६ टक्के उरलेला असतो.