‘सा’ कोणता धरला होता?

विद्यार्थीदशेत मी जव्हारजवळच्या एका पाड्यावर तारप्याच्या काही चाली कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. घरी आल्यावर त्या वहीत सारेगममध्ये लिहून काढल्या. पुढे कॅसेटला बुरशी लागली आणि ती गेली. वही मात्र राहिली. अलीकडे ती उघडली तेव्हा लक्षात आले, की स्वर सगळे आहेत, पण ‘सा’ कोणता धरला होता ते कुठेच लिहिलेले नाही. एका चालीच्या मध्यावर तर मी चक्क ‘सा’ बदललेला दिसतो. तिथे खूण काय? दोन उभ्या रेघा!

ही चूक माझी खरी, पण तिला आपल्या स्वरलेखनाचा इतिहासही थोडा कारणीभूत आहे.

युरोपीय स्टाफ नोटेशनमध्ये असे सहसा होत नाही. तिथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शार्प किंवा फ्लॅटच्या खुणा ठरलेल्या क्रमाने छापतात. त्यावरून गाण्याची पट्टी कळते. आपल्या पेटीच्या भाषेत, मेजर स्केलमधले गाणे पांढरी एकवरून पांढरी दोनवर नेले तर दोन शार्प येतात. मध्येच पट्टी बदलली तर दुहेरी रेघ ओढून नव्या खुणा मांडतात. जुने खोदकाम करणारे आधीच्या खुणा रद्द झाल्याचेही नॅचरलच्या चिन्हांनी दाखवत. बदल नव्या ओळीच्या आरंभी येत असेल, तर आदल्या ओळीच्या शेवटी नव्या खुणा छापून वादकाला सावध करण्याचा प्रघात पडला. हे कारागीर कथिल-शिशाच्या पत्र्यावर सारे उलटे कोरत, म्हणजे छाप सुलटा उमटे. एकेक जादा खूण म्हणजे जादा कष्ट. तरीही ती खूण टिकली, कारण चाळीस वादकांच्या ताफ्यात एकाने जुनीच पट्टी वाजवली तर काय होईल, हे सर्वांना ठाऊक होते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी. गायक आपल्या गळ्याला सोसेल तो ‘सा’ घेतो, तंबोरा त्यावर जुळवतो आणि बाकीचे स्वर त्या ‘सा’च्या नात्याने ठरतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, वि. ना. भातखंडे यांनी (1860–1936) शेकडो चिजा गोळा करून छापल्या. दोघांनीही स्वतंत्र लिपी बसवली. त्यांच्यातला एक घोटाळा शिक्षकांना माहीत असावा : स्वराच्या डोक्यावरचा टिंब भातखंड्यांकडे तार सप्तक दाखवतो, तर पलुस्करांकडे मंद्र. डोक्यावरची उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र मध्यमाची, पलुस्करांकडे तार सप्तकाची. एवढे मतभेद असूनही एका बाबतीत दोघे सारखे : पट्टी सांगणारी खूण दोन्ही लिप्यांत नाही.

याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे गणित मांडत होते. त्यांचे पुस्तक 1910 चे. त्यांच्या कामाने प्रभावित झालेले आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी 1913 च्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानी राग स्टाफ नोटेशनमध्ये लिहिले. तो मार्ग आपल्याकडे रुजला नाही, आणि माझ्या मते ते बरेच झाले. भूप रागातली चीज मुलाने काळी एकवर गायली काय किंवा मुलीने काळी पाचवर गायली काय, सारेगममध्ये एक अक्षरही बदलत नाही. युरोपीय पानावर सगळे टिंब सरकतील आणि खुणाही बदलतील.

पण याची दुसरी बाजू वर्गात पेटीवर सहज दाखवता येते. फक्त काळ्या पट्ट्या वापरा. काळी तीनला ‘सा’ मानून चढत जा : सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर. आता त्याच पाच पट्ट्या, पण काळी पाचला ‘सा’ माना : सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. हे मालकंसाचे स्वर झाले! पट्ट्या त्याच, त्यांची कंपने तीच, पण लिहिताना तीन स्वरांखाली कोमलाची रेघ आली. म्हणजे ‘सा’ हलला की आपल्या लिपीतले जवळजवळ सगळेच हलते, आणि नेमके तेच हलणे दाखवायला खूण नाही.

पंडित जसराज (1930–2020) यांच्या ‘जसरंगी’ जुगलबंदीत हेच तत्त्व वापरले आहे. गायकाचा मध्यम हा गायिकेचा षड्ज असतो आणि दोघे एकाच वेळी दोन वेगळे राग गातात. ते कागदावर उतरवायचे तर ‘म = सा’ असे स्पष्ट लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

तारप्याचे प्रकरण याहून अवघड. सुकवलेला भोपळा, जिभाळी बसवलेल्या दोन नळ्या, मेणाचे सांधे आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. जव्हार-मोखाड्यात हे वाद्य बनवणारा ते पेटीशी जुळवून घेत नाही. नळीची लांबी आणि जिभाळी यांवर त्याचा स्वर ठरतो, म्हणून प्रत्येक तारप्याची पट्टी निराळी. नाचणाऱ्यांना त्याची अडचण नसते. वादकाने चाल बदलली की फेर धरलेल्यांची पावले बदलतात. स्टाफ नोटेशनमधली सावधगिरीची खूण इथे कानावाटे मिळते. कागदावर ती कोणी तरी लिहावी लागते.

कॅसेट वाचली असती तरी भागले नसते. यंत्र 6 टक्के हळू चालले की स्वर साधारण अर्ध्या सुराने उतरतो. काळी एक ऐकू येते पांढरी एक.

आता मोखाड्याला जाताना मी प्रयोगशाळेतला 256 हर्ट्‌झचा नादकाटा सोबत नेतो. (तो पेटीच्या पांढरी एकपेक्षा किंचित उतरलेला असतो, तिची कंपने सुमारे 261.6.) ध्वनिमुद्रणाच्या आरंभी आणि शेवटी तो वाजवायचा. वहीत पहिल्या ओळीवर ‘सा = इतके हर्ट्‌झ’ आणि चाल पालटेल तिथे दुहेरी रेघेनंतर ‘जुना प = नवा सा’, किंवा जे काही असेल ते. ओळ तिथेच संपत असेल, तर दोन्हीकडे.