जेवलीस का गो?

माझ्या आजीच्या तोंडात 'ळ' नव्हता. आमच्या आगरी बोलीत जुन्या माणसांपैकी फारसा कुणाच्याच तोंडात नसायचा. शाळेला ती 'शाला' म्हणायची आणि फळ्याला 'फला'. ती स्वतः शाळेत एक दिवसही बसली नाही, पण शाळेशी तिचं रोजचं काम होतं. सकाळी अंगण झाडून झालं की खराटा हातातच धरून ती ओट्याशी उभी राहायची आणि पाटीदप्तर घेऊन जाणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायची, "जेवलास का रं?" मुलगी असली तर, "जेवलीस का गो?" न्याहारीलाही ती जेवणच म्हणायची. पोर आपलं की दुसऱ्याचं, हे तिनं कधी पाहिलं नाही. उत्तर यायला जरा उशीर झाला की ती काय ते समजायची. मग त्या पोराला ओट्यावर बसवून रात्रीची तांदळाची भाकरी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील त्याच्या हातावर ठेवायची. बोंबलाचा तो वास अंगाला लागलेली मुलं वर्गात आली की बाईंना कळायचं, आज कोण आजीच्या ओट्यावरून आलंय ते.

भाईंदर स्टेशनावरून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओळीनं लागतात. आमचं घर मुर्ध्याला. मागे खाडी, पुढे भातशेती आणि नजर जाईल तिथवर मिठागरं. आगरात राबणारे ते आगरी, असं आजोबा सांगायचे. पहाटे उत्तनच्या कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन याच रस्त्यानं स्टेशनाकडे जायच्या. त्यांतली एक आजीची मैत्रीण होती. आजीकडची एखादी भोपळ्याची फोड तिच्या पाटीत जायची, तिच्या पाटीतला जवळा आमच्या सुपात यायचा. शाळेच्या पोरांसाठी म्हणून ती मूठभर जास्तच टाकायची, असं आत्या सांगते. मला कोळणीचा चेहरा आठवत नाही. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तेवढ्या आठवतात.

माझे वडील शाळेत गेले ते १९४०च्या आसपास. तेव्हा लोक 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायचे. नाव घातलं दसऱ्याला. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढलेली, तिला झेंडूचं फूल आणि हळदकुंकू. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आजीला ती चांगली ठाऊक होती. मोठ्या भरतीच्या रात्री, बांध फुटेल म्हणून सगळे पुरुष खाडीवर गेलेले असताना हा झाला, असं तिनं सांगितलं. गुरुजींनी नीट ऐकून घेतलं आणि वहीत एक जून लिहिलं. गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो, तो असा. वडिलांच्या पेन्शनच्या कागदावरही शेवटपर्यंत एक जूनच राहिला. आजी मात्र मोठी भरती आली की त्यांना ओवाळायची.

हे गुरुजी घाटावरचे, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले आणि शाकाहारी. देवळाजवळच्या एका खोलीत एकटेच राहायचे. गावानं त्यांना पहिल्या आठवड्यात प्रेमानं मासळी पाठवली. गुरुजी बिचारे वास सोसत ती परत करायचे, पण कुणाला दुखवायचे नाहीत. आजीच्या हे लक्षात आलं. तिनं वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं केलं आणि भाकरीबरोबर पाठवलं. ते भांडं रिकामं परत आलं, त्यात मूठभर गूळ घातलेला होता. तेव्हापासून घराघरांनी वार वाटून घेतले. सोमवारी एकाकडून भाकरी, मंगळवारी दुसऱ्याकडून भात. कुणी ठराव केला नाही, कुणी सभा घेतली नाही. पण ज्याला आपण रोज जेवू घालतो, तो आपल्या पोरांना काय शिकवतो हे विचारायला बायांना मग संकोच वाटेना. आणि ज्यांच्या घरची भाकरी खाल्ली, त्या घरी चूल पेटली की नाही हे गुरुजींनाही कळू लागलं.

खरी अडचण यायची ती मिठाच्या हंगामात. पाऊस गेला की बांध दुरुस्त करायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात तापू द्यायचं आणि मीठ धरलं की ओढून त्याचे ढीग लावायचे. पावसाची पहिली सर येईपर्यंत हे काम. घरातले सगळे हात आगरात. १९४७ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला, सक्तीचं शिक्षण आलं असं गुरुजी गावात समजावून सांगत फिरले. लोकांनी मानही डोलावली. पण हंगाम आला की वर्गातल्या मुली एकेक करून कमी व्हायच्या. मुली आगरात जात नसत, त्या घरी तान्ह्या भावंडांना सांभाळत बसायच्या. गुरुजी टोपी घालून भर उन्हात बांधावरून चालत आगरात गेले आणि एकेका बापाला भेटले, ही गोष्ट वडील फार रंगवून सांगायचे. त्यांच्या गोष्टीत गुरुजींच्या पायाला मिठानं चिरा पडायच्या. आत्याच्या गोष्टीत गुरुजी एकदाच गेले आणि पाय घसरून चिखलात बसले. दोन्ही खरं असेल.

त्यावर तोड काढली ती आजीनं. "पोरींना शालेत धाडा, बाले माझ्याकडं टाका," एवढंच ती म्हणाली. आमच्या पडवीच्या वाशांना लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या गेल्या, चार-पाच तरी असतील. आजी मधे बसून एका हातानं वाल सोलायची आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं झोळी हलवायची. मधल्या सुट्टीत मुली धावत येऊन आपापलं बाळ बघून जायच्या. माझी आत्या चौथी झाली ती या झोळ्यांच्या जिवावर.

पुष्कळ वर्षांनी मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी वाचलं, तेव्हा ही पडवी डोळ्यांपुढे आली. आमच्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, १९४५ साली ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असा त्यांचा विचार. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. आधी हात-तोंड धुवायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मग खाऊ, मग गाणी-गोष्टी. १९५७ साली त्या आणि अनुताई कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. थोरल्या बहिणीला शिकता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिचं नाव विकासवाडी. आजीनं बोर्डी पाहिली नव्हती, ताराबाईंचं नावही ऐकलं नसावं. पण मूल शिकायचं तर त्याच्या घराचं ओझं आधी कुणीतरी धरायला हवं, हे एका विदुषीला जसं उमगलं तसं एका निरक्षर आगरी बाईलाही उमगलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

मी शाळेत गेले तोवर जिल्हा परिषद आली होती. १९६२च्या महाराष्ट्र दिनाला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळेच्या पाटीवरचं नाव बदललं. बाकी सगळं तेच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुली शेणानं वर्ग सारवायच्या आणि मुलगे विहिरीचं पाणी आणून द्यायचे. आमच्या काळातली नवी गोष्ट म्हणजे परदेशी दुधाची भुकटी. मोठ्या पातेल्यात ती पाण्यात कालवून उकळायची. आम्ही घरून पेले न्यायचो. त्या दुधाला ना साय, ना वास. काही मुलांना ते बाधायचं, त्यांच्या आया त्यात सुंठ घालून द्या म्हणून निरोप धाडायच्या. १९७२च्या दुष्काळानंतर सुकडीही मिळत होती असं वाटतं, का ती धाकट्या भावाच्या वेळची, आता सांगता येत नाही. तिची तपकिरी भुगी तळहाताला चिकटायची आणि ती आम्ही चाटायचो, एवढं पक्कं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिसरीत असू. बाराखडी तिला तोंडपाठ, पण दुपारनंतर ती पाटीवर डोकं टेकून झोपायची. नव्या आलेल्या बाईंना वाटलं, आळशी आहे. त्यांनी तिला दोनदा उभं केलं. तिसऱ्या दिवशी त्या तिच्याजवळ खाली बसल्या. पिशवीतून फणी काढली, तेलाची बाटली काढली आणि तिचे केस विंचरायला लागल्या. गुंता सोडवता सोडवता हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या. मी शेजारीच होते. मुलगी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, आई आजारी आहे, पेज मीच करते, ती धाकट्यांना पुरते. बाईंनी वेणी पुरी घातली, रिबीन बांधली आणि काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर आजीशी बोलत बसलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवसापासून आजीच्या चुलीवर एक भाकरी जास्त पडू लागली. आम्हाला ताकीद होती, कुणी तिच्यापुढे हा विषय काढायचा नाही. आज आम्ही दोघी आज्या झालो आहोत. परवा भेटली तेव्हा तीच म्हणाली, "त्या वेणीची ओढ अजून डोक्याला जाणवते बघ."

वर्षातून एकदा वनभोजन असायचं. डोंगरीच्या बाजूला, चौक गावाजवळ, धारावीचा किल्ला आहे. तिथवर आम्ही गाणी म्हणत चालत जायचो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याआधी हा किल्ला पोर्तुगिजांकडून घ्यावा लागला, कारण खाडीचं तोंड इथून राखता येतं, हे बाईंनी पडक्या भिंतीवर उभं राहून समुद्राकडे बोट दाखवत सांगितलं. मला त्या लढाईपेक्षा सोबत आलेल्या आया जास्त आठवतात. तीन दगडांची चूल, भाताचं टोप, वालाची आमटी. ख्रिस्ती घरची एक आई गोडाच्या वड्या घेऊन आली होती. त्या दिवशी कुणाच्या डब्यात काय आहे हे दिसायचंच नाही, कारण सगळे डबे एकाच टोपात रिकामे व्हायचे. आता वाटतं, आयांनी ती रीत जाणून ठेवली होती.

पुढे भराभर सगळं बदललं. १९८५ साली गावं एकत्र करून मिरा-भाईंदर नगर परिषद झाली, २००२ साली महापालिका. २००१च्या जनगणनेत इथे ५,२०,३८८ माणसं होती, २०११ला ८,०९,३७८. कितीतरी भातखाचरांत इमारती उभ्या राहिल्या. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून, गुजरातेतून लोक आले. महापालिकेच्या शाळा आता मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा चार माध्यमांत भरतात. जेवणही सरकारनं मनावर घेतलं. १९९५च्या स्वातंत्र्यदिनी योजना सुरू झाली, तेव्हा हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असं सांगितलं आणि शाळेत खिचडी आली. प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, असं माप ठरलेलं आहे. हे फार मोठं काम झालं. आजीच्या भाकऱ्या सात-आठ, देशातली पोरं कोट्यवधी. तिला हे कळतं तर तिनं खिचडीला हात जोडले असते.

माझी नात आता महापालिकेच्या मराठी शाळेत आहे. मुलगा-सून दोघंही सकाळच्या लोकलला जातात, म्हणून पालकसभेला मी जाते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया हव्यात असं सांगितलंय. कागदावर त्या असतात. गेल्या सभेत माझ्या शेजारी एक मासेवाली बसली होती, समितीतलीच. मान खाली. मी विचारलं, "काही बोलत का नाहीस गो?" ती म्हणाली, "मावशी, मला लिवता-वाचता येत नाय. मी काय बोलनार?"

मी तिला आजीची गोष्ट सांगितली. ओटा, खराटा, झोळ्या. सभा चालूच होती, आम्ही कुजबुजत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मग उभी राहिली. आवाज कापत होता. म्हणाली, "बाई, मी रोज सकाली बाजाराच्या कोपऱ्यावर बसते. समदी पोरं माझ्याम्होरनं जातात. चार पोरं हायत, ती रोज रिकाम्या पोटी येतात. खिचडी दुपारची. तवर ती काय करतात?"

वर्गात कुणी बोललं नाही. मुख्याध्यापिका बाई खुर्चीवरून उठून तिच्या बाकापाशी आल्या, शेजारी बसल्या आणि त्यांनी वही उघडली.

"नावं सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग, मी लिहून घेते."